कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? स्क्रू ड्रायव्हरच्या आधी वही काढा

"अहो, पुन्हा गेला."

आतल्या खोलीतून बायकोचा हा आवाज आला की समजायचं, आज जेवायला दहा वाजणार. ती घरबसल्या पाच-सहा दुकानदारांचे हिशेब टॅलीत लिहिते. टॅली उघडी असताना कॉम्प्युटर मेला तर वेळ जातो तो जातोच, वर कधीकधी डेटाही बिघडतो आणि आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून दिवसभराच्या नोंदी पुन्हा घालत बसावं लागतं. २०२३ च्या जुलैत हे दुखणं सुरू झालं आणि दिवाळीच्या तोंडावर संपलं. मधल्या काळात दोनदा फॉरमॅटचे पैसे गेले, एक एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) विनाकारण विकत घेतला, आणि शेवटी खरे दोष निघाले दोन. एक फुकटात सुटला, दुसरा हजारभर रुपयांत.

कॉम्प्युटर काही खास नाही. २०१९ मध्ये जोडून घेतलेला. इंटेलचा आय५-८४०० प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस, विंडोज १०, टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस. डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. असली मशीनं घरोघरी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

"फॉरमॅट मारून देतो"

दुकानात कॅबिनेट टेबलावर ठेवलं की पहिलं वाक्य हेच येतं. पहिल्या वेळी पाचशे रुपये देऊन फॉरमॅट झालं आणि मशीन दहा दिवस छान चाललं. परत बंद पडायला लागलं तेव्हा दुकानातल्या मुलाने रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, आणि सवयीने फॉरमॅटही मारला. पंधरा दिवस मिळाले. तिसऱ्या वेळी मी घरीच मुलीच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं. बारा दिवस.

इथे माझी पहिली चूक झाली. दर वेळी मशीन काही दिवस चालतं, म्हणजे इलाज बरोबर आहे, दुखणंच चिवट आहे, असं मी धरून चाललो. वास्तविक सॉफ्टवेअरचा घोळ असेल तर फॉरमॅटनंतर तो बहुतेक वेळा कायमचा जातो. कोऱ्या विंडोजवर, फक्त टॅली आणि ब्राउझर टाकलेला असताना, तेच पुन्हा आठ-पंधरा दिवसांत सुरू झालं तर विंडोजला शिव्या देणं थांबवावं आणि कॅबिनेट उघडावं. शिवाय दुकानात नेता-आणताना कॅबिनेट हलतं, धूळ उडते, रॅम काढून परत बसते. बरं वाटलं ते नेमकं कशाने, याचा पत्ता लागत नाही.

मरतो कसा, ते बघा

"बंद पडतो" या एका शब्दात तीन वेगळी दुखणी लपलेली असतात, आणि ती वेगळी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक, निळा स्क्रीन येऊन मरतो. म्हणजे काहीतरी बिनसलंय हे विंडोजला स्वतःला कळलं, आणि मरताना तिने एक चिठ्ठी लिहून ठेवली. दुसरं, चित्र जागच्या जागी गोठतं. माउस हलत नाही, गाणं चालू असेल तर एकच सूर घरघरत राहतो, बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. तिसरं, दिवा गेल्यासारखा मरतो. ना निळा स्क्रीन, ना कोड, पंखेसुद्धा थांबतात.

निळा स्क्रीन वाचायला वेळ मिळत नसेल तर विंडोज आपोआप रिस्टार्ट होतेय. "धिस पीसी"वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, तिथे "स्टार्टअप अँड रिकव्हरी"खालचं सेटिंग्ज बटण, आणि "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट"समोरची टिक काढून टाका. आता निळा स्क्रीन तुमची वाट बघत थांबेल. मोबाइलने फोटो काढा. तो कोड पाठ करून ठेवायच्या भानगडीत पडू नका.

मग स्टार्ट मेनूत "इव्हेंट व्ह्यूअर" शोधा, त्यात "विंडोज लॉग्ज", त्यात "सिस्टिम". तिथे लाल खुणेची एक नोंद हमखास दिसेल: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. नावात पॉवर आहे म्हणून अनेक जण तिथूनच थेट एसएमपीएस घ्यायला निघतात. या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. तिच्या "डिटेल्स"मध्ये बगचेक कोड दिलेला असतो. तो शून्य नसेल तर निळा स्क्रीन आला होता. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला फुरसतच मिळाली नाही: वीज तुटली, किंवा मशीन गोठलं आणि तुम्ही बटण दाबलं.

आणखी एक गोम आहे, ती मला फार उशिरा कळली. ४१ क्रमांकाच्या नोंदीपुढची वेळ ही कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्याची असते. दुपारी अडीचला मेला आणि तुम्ही पाचला चालू केला तर नोंद पाचची. मेल्याची वेळ हवी असेल तर इव्हेंटलॉगची ६००८ क्रमांकाची नोंद बघा. "आधीचं शटडाउन अमुक वाजता झालं, ते अनपेक्षित होतं" असं तिच्या मजकुरात लिहिलेलं असतं.

ऑगस्टअखेर मी मुलीची एक अर्धवट वापरलेली दोनशे पानी वही घेतली आणि रकाने पाडले: तारीख, वेळ, कसा मेला, तेव्हा काय चालू होतं, कोड. बायकोला सांगितलं, मी घरात नसताना गेला तर तू लिही. तिने एक रकाना स्वतःहून वाढवला, "किती नोंदी गेल्या". तो माझ्या काही उपयोगाचा नव्हता, पण माझ्यावर दबाव ठेवायला पुरेसा होता.

पहिला दोष: रॅम चांगली, तरी रॅमचाच

पहिल्या दोन आठवड्यांत वहीत नऊ नोंदी झाल्या. सगळ्या निळ्या स्क्रीनच्या, आणि कोड मात्र दर वेळी वेगळा. कधी "मेमरी मॅनेजमेंट", कधी "आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल", कधी "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया". काम तर कसलंही चालू असायचं, एकदा नुसतं यूट्यूबवर कीर्तन चाललं होतं.

एकच कोड सारखा येत असेल आणि त्यासोबत एखाद्या ड्रायव्हरच्या फाइलचं नाव दिसत असेल, तर त्या ड्रायव्हरकडे आधी बघावं. कोड असे भरकटत असतील तर बोट रॅमकडे जातं. कारण सरळ आहे: रॅममध्ये सगळ्यांचंच सामान ठेवलेलं असतं. तिथला एखादा बिट, म्हणजे एखादा शून्य किंवा एक, उलटला की ज्याचं सामान बिघडलं तो ओरडतो. आज ब्राउझरचं, उद्या विंडोजच्या गाभ्याचं.

विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी मी आधी चालवली. तिने "काही दोष नाही" असं सांगितलं. त्यावर विसंबू नका, ती वरवरची असते. मेमटेस्ट८६ नावाचं साधन पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच कॉम्प्युटर बूट करायचा. विंडोज मधे येत नाही, म्हणून रॅमचा जवळजवळ सगळा भाग तपासला जातो. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, सोळा जीबीला त्याला कित्येक तास लागतात. रात्री लावून झोपावं. निकाल वाचायला सोपा: चूक शून्य हवी. "इतक्या कोटी तपासण्यांत दोनच चुका" हा युक्तिवाद मी बायकोपुढे करून बघितला. तिच्या धंद्यात ताळेबंदात दोन रुपयांचा फरक आला तरी रात्र जाते, त्यामुळे तो चालला नाही, आणि ती बरोबर होती.

आमच्याकडे विसाव्या मिनिटाला पहिली लाल ओळ आली. सकाळपर्यंत शेकडो.

इथे दहातले नऊ जण नवी रॅम घेऊन येतील. मीही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जायच्या बेतात होतो. पण रविवार होता, दुकानं बंद. मग वेळ होता म्हणून एकेक रॅम वेगळी तपासली, आणि त्या रविवारने माझे तीन-चार हजार वाचवले.

मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट आहेत. प्रोसेसरच्या बाजूने मोजले तर रॅम दुसऱ्यात आणि चौथ्यात होत्या, माहितीपुस्तिकेतही दोन रॅमसाठी तसंच सांगितलेलं. पहिली रॅम एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली: शून्य चुका. दुसरी रॅम एकटी त्याच दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली: शून्य चुका. दोन्ही निर्दोष! आता डोकं खाजवायची पाळी माझी. मग पहिली रॅम एकटी चौथ्या स्लॉटमध्ये. अर्ध्या तासात लाल ओळी. दुसरी चौथ्यात, पुन्हा लाल. चूक रॅमबरोबर फिरत नव्हती, जागा धरून बसली होती.

मेमटेस्टच्या पडद्यावर आधीच एक खूण होती, मी ती वाचली नव्हती. चुकांचे पत्ते सगळीकडे विखुरलेले होते, पण चुकणारा बिट दर वेळी तोच. रॅममधला एखादा कण खराब असता तर पत्ता तोच-तोच आला असता. पत्ते कुठलेही आणि बिट एकच, याचा अर्थ त्या एका बिटाची वाहतूक जिथून होते ती वाट खराब.

मोबाइलचा टॉर्च लावून, कॅमेरा झूम करून स्लॉटच्या आत बघितलं. डीडीआर४ रॅमला २८८ टोकं असतात, दोन्ही बाजूंना १४४. स्लॉटमध्ये तितक्याच बारीक स्प्रिंगा, केसांच्या फणीसारख्या एका रांगेत. त्या रांगेत मधोमध एक दात आत दबलेला दिसला, आणि त्याच्या बुडाशी काळपट काजळी. कधीतरी कुणीतरी रॅम तिरकी धरून जोर लावला असणार. कुणी ते मी सांगू शकत नाही, आणि त्या "कुणीतरी"मध्ये मीही येतो.

खोडरबराचा इलाज बारा-पंधरा दिवसच का टिकायचा, ते आता उलगडलं. रॅम काढून पुन्हा दाबून बसवली की तो दबलेला दात पट्टीला जेमतेम टेकायचा. मग रोजचं तापणं-निवणं आणि पावसाळ्याची दमट हवा, हळूहळू संपर्क सुटायचा. खोडरबर पट्टी साफ करत होतं. दोष समोरच्या बाजूला होता.

सुईने तो दात सरळ करायचा मोह मला झाला. केला नाही. शेजारचा दात वाकला तर मदरबोर्डच गेला. त्याऐवजी दोन्ही रॅम पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये घातल्या. दोन्ही चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन्ही समांतर वाटा, त्याही जोडीत मिळतात. फार वेगाच्या रॅमला ही जोडी कधीकधी मानवत नाही, आमच्या २६६६ वेगाच्या रॅमला काही फरक पडला नाही. रात्रभर मेमटेस्ट, शून्य चुका. चौथ्या स्लॉटवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेनने लिहिलं, "नको".

हे करताना दोन गोष्टी सांभाळा. भिंतीतला प्लग पूर्ण काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. आणि रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. डोंबिवलीच्या जुलैत अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही, नागपूरच्या कोरड्या जानेवारीत साठते. रॅमचा वेग बायॉसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमधून) एक्सएमपी नावाच्या पर्यायाने वाढवलेला असेल तर सगळ्यात आधी तो बंद करून बघा. कित्येक "खराब" रॅम तिथेच बऱ्या होतात.

दुसरा दोष, आणि माझे वाया गेलेले २,८५० रुपये

गणपतीच्या आधी हे मिटलं. नवरात्रापर्यंत महिनाभर वही कोरी होती. आणि २० ऑक्टोबरला, जीएसटीचं जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी, "अहो, पुन्हा गेला."

माझा पहिला विचार: स्लॉटचं दुखणं परत आलं. कॅबिनेट उघडून रॅम पुन्हा इकडच्या तिकडे करणार, एवढ्यात वहीतला "कसा मेला" रकाना भरायचा म्हणून विचारलं. निळा स्क्रीन नव्हता. एकदम काळोख. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१, बगचेक शून्य. म्हणजे हे दुखणं दुसरंच होतं. त्या रकान्यामुळे मी एक बरी झालेली जखम उकरायची थांबवली, नाहीतर चांगल्या बसलेल्या रॅम हलवून दोन्ही दोष एकमेकांत मिसळून टाकले असते.

मुलगी म्हणाली, "बाबा, बंद व्हायच्या आधी टक् असं वाजतं." एसएमपीएसमध्ये असा टक् आवाज करणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, असू शकतो हे मला माहीत होतं. बस्स. लॅमिंग्टन रोडवरून २,८५० रुपयांचा नवा एसएमपीएस आणला, अर्धा रविवार वायरी ओवण्यात घालवला. सोमवारी संध्याकाळी, टक्, काळोख.

तेव्हा कुठे मी वही लिहिण्याऐवजी वाचली. एव्हाना अशा अकरा नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या नऊ सकाळी पावणेसात ते सव्वासात किंवा संध्याकाळी त्याच सुमारास. कॉम्प्युटरला घड्याळ कळत नाही, म्हणजे घड्याळ बाहेरचं होतं. खाली जाऊन वॉचमनकाकांना विचारलं.

"सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला लावतो मोटर. पाणी आलं असेल तसं धा-पंधरा मिनटं इकडंतिकडं."

पाण्याची मोटर चालू होताना पहिल्या क्षणी तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. जुन्या बिल्डिंगच्या वायरिंगवर तेवढ्यापुरता व्होल्टेज बसतो, ट्यूबलाइट असली तर ती एकदा डोळा मारते. चांगल्या एसएमपीएसला एवढी डुबकी जाणवतही नाही. वीज पूर्ण तुटली तरी साधारण सोळा मिलिसेकंद तो आपल्या साठ्यावर तग धरतो. पण आमच्या कॉम्प्युटरला वीज थेट मिळत नव्हती, यूपीएसमधून मिळत होती. व्होल्टेज बसला की यूपीएस टक् करून लाइन तोडतो आणि बॅटरीवर जातो. बॅटरी ठणठणीत असेल तर हे सगळं दहा मिलिसेकंदांच्या आत उरकतं. आमची चार वर्षांची बॅटरी मेलेली होती. म्हणजे एसएमपीएसने सहज पचवली असती अशी डुबकी यूपीएस पूर्ण अंधारात बदलून देत होता.

आणि मी न बघितलेली खूण तर नाकासमोर होती: मॉनिटरचा छोटा दिवा. मॉनिटरही त्याच यूपीएसवर आहे. नुसता एसएमपीएस मेला असता तर मॉनिटर जिवंत राहून "नो सिग्नल" म्हणाला असता. आमच्याकडे त्याचाही दिवा त्याच क्षणी जात होता. हे एवढं बघितलं असतं तर २,८५० रुपये खिशात राहिले असते. तुमचा कॉम्प्युटर काळोख करून मरत असेल तर आजच मॉनिटरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा.

यूपीएस तपासताना त्यावर कॉम्प्युटर ठेवू नका, बल्ब लावा. त्यातही एलईडी नको. तो सात-नऊ वॅट खातो, तेवढं मरणासन्न बॅटरीसुद्धा ओढते. माझ्या यूपीएसवर एलईडी दिवा चार सेकंद जळला आणि मी जवळजवळ फसलो होतो. माळ्यावरून जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब काढून लावला, भिंतीवरचा स्विच बंद केला. बल्बने लुकलुकायचीही तसदी घेतली नाही.

यूपीएस बंद करून, प्लग काढून, खालचे स्क्रू उघडले. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, दोन्ही बाजूंनी पोट फुगलेलं. मल्टिमीटरवर दहाच्याही खाली. अशा बॅटऱ्यांचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, आमचीने चार काढली, तिला दोष देण्यात अर्थ नाही. नवी १,०५० रुपयांना मिळाली. लाल आणि काळी वायर उलट होऊ देऊ नका. जुनी दुकानदाराला परत द्या, आत शिसं आणि आम्ल असतं, कचऱ्यात टाकायची वस्तू नाही.

बॅटरी आणेपर्यंतचे तीन दिवस कॉम्प्युटर थेट भिंतीवर चालवला. मोटर सहा वेळा चालू झाली. एकदाही गेला नाही. मला खात्री पटली ती खरी इथे.

बाकीचे नेहमीचे संशयित

तुमच्याकडे या दोन्हींपैकी काही नसेल तर.

काळोख होतोय, मॉनिटरचा दिवा मात्र राहतोय, आणि तेही गेम किंवा व्हिडिओचं जड काम चालू असतानाच, तर एसएमपीएस खरोखर संशयित. पेपरक्लिपने हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणून तो पास झाला असं समजू नका. रिकामा एसएमपीएस सगळे आकडे बरोबर दाखवतो, भाराखाली कोलमडतो. पिवळ्या वायरवर भाराखाली ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान आकडा हवा. खरी परीक्षा म्हणजे ओळखीच्या कुणाचा तरी चांगला एसएमपीएस चार दिवस लावून बघणं. मी जे विकत घेऊन केलं ते उसनं आणून करा. एसएमपीएस खोलायचा मात्र नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेहून जास्त व्होल्ट बसलेले असतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर मात्र नुसते बघता येतात: माथा सपाट हवा, फुगलेला किंवा तपकिरी ओघळ आलेला नको.

गोठत असेल, आणि गोठताना हार्डडिस्कचा दिवा सतत पेटलेला राहत असेल, तर डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये "रीअलोकेटेड सेक्टर" आणि "करंट पेंडिंग सेक्टर" हे दोन आकडे बघा. वाढत असतील तर हे वाचणं थांबवा आणि आधी बॅकअप घ्या. "सीआरसी एरर" वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे, तिला मदरबोर्डशी जोडणारी शंभर-दीडशे रुपयांची साटा केबल बदला. तो आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, वाढायचा थांबतो.

दुपारी जास्त आणि रात्री कमी, मे महिन्यात रोज आणि डिसेंबरात क्वचित, असं असेल तर उष्णता. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. आय५-८४०० ची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आधी मंदावतो, तरी भागलं नाही तर बंद होतो. प्रोसेसरवरच्या हीटसिंकमधली धुळीची गादी ब्लोअरने काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पाच वर्षांची थर्मल पेस्ट खडू झालेली असते, ती बदला. ग्राफिक्स कार्डाचा संशय असेल आणि प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला लावा, आठवडा काढा. एवढंच.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तो कॉम्प्युटरचा दोष नाही, अर्थिंग नाहीये. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अर्थिंगविना कॅबिनेटवर जवळपास निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. प्रवाह अगदी कमी असतो, पण यूएसबीवरच्या वस्तू त्यामुळे वेड्यासारख्या वागायला लागतात. वायरमनला बोलवा. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन चुकवणारा तो दोन पिनांचा जोड घरातून हद्दपार करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलली की वहीत लिहा. हे मी स्वतः दोनदा मोडलं, दोन्ही वेळा पैसे गेले.

जुना एसएमपीएस, जो मुळात चांगलाच होता, कपाटावर खोक्यात ठेवलाय. आतापर्यंत बिल्डिंगमधल्या तीन जणांनी तपासायला नेला आणि परत आणून दिला. वहीतली शेवटची नोंद ८ नोव्हेंबर २०२३ ची आहे: "बॅटरी बदलली. ७:०४ ला मोटर लागली. चालू." तिच्यापुढच्या पानांवर आता मुलीचं भूमितीचं कच्चं काम आहे.